आधी बांध, मग चाकं, गाडी शेवटी

फर्नाँ केनेलने नोकरीत असताना आमच्या भागातल्या जवळजवळ सगळ्या गाड्या कधी ना कधी पुरल्या. निवृत्त झाल्यावर स्वतःची एकुलती एक गाडी उकरायची वेळ आली, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात त्याने उकरण्याचं शास्त्र तयार केलं आणि न विचारता सगळ्या गल्लीला शिकवायला घेतलं.

तो पात्याचा ट्रक चालवायचा. बर्फ पडला की पुढे भलंमोठं तिरकं पातं लावलेला तो ट्रक रस्त्यातून जातो. रस्ता मोकळा होतो आणि रस्त्यातला सगळा बर्फ कडेला उभ्या असलेल्या गाड्यांना लागून बांधासारखा उभा राहतो. रस्ता आहे पण गाडी काढता येत नाही, याला आमच्या मॉन्ट्रियलमध्ये सोय म्हणतात. पुढे केव्हातरी नारिंगी पाट्या लागतात, भोंगा वाजतो, मग ज्याने त्याने आपापली गाडी दुसऱ्या रस्त्यावर हलवायची, आणि मोठं यंत्र येऊन तो बांध गिळून ट्रकमध्ये ओकतं. गाडी परत जागेवर आणेपर्यंत पुढचं वादळ आलेलं असतं. ही सगळी रचना फर्नाँला अतिशय प्रिय आहे. त्याच्या मते जगात आणखी कुठेही माणसांना इतकी शिस्त नाही.

मी त्याच्याच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. तळमजल्यावर तो, मधल्या मजल्यावर दोन विद्यार्थी, जे दरवर्षी बदलतात आणि दरवर्षी तेच शास्त्र नव्याने ऐकून घेतात. कोपऱ्यावर माझं केस कापायचं दुकान आहे. फर्नाँ महिन्यातून एकदा येतो आणि डोक्यावर जे काही शिल्लक आहे ते गंभीर चेहऱ्याने कापून घेतो. शेजारच्या घरातली ओदेत लारिव्हे केसांना रंग लावायला येते. दोघांची वेळ एकत्र येणार नाही याची मी फार काळजी घेते. दुकानात कात्र्या असतात.

तर ते शास्त्र असं. 'आधी बांध, मग चाकं, गाडी शेवटी.' देवाने ज्यांना थोडीफार बुद्धी दिली आहे ते लोक आधी गाडीचं छत झाडतात, मग काचा, आणि मग खालचं बघतात. फर्नाँच्या मते हा शुद्ध अडाणीपणा. पात्याने रचलेला बांध बघता बघता दगड होतो, म्हणून आधी तो फोडायचा. मग चाकांपुढचा बर्फ, मग मागची धुराची नळी. गाडीच्या अंगावरच्या बर्फाला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, कारण ती गाडीची गोधडी आहे आणि गोधडीत इंजिन उबदार राहतं. इंजिनाला ही गोष्ट माहीत आहे की नाही, कोण जाणे. पण कुणी शंका काढली की फर्नाँ विचारायचा, "तू चालवलायस का कधी पात्याचा ट्रक?" कुणीच चालवलेला नसायचा. वाद तिथेच संपायचा.

आणखी एक दावा होता. बर्फाखालची कुठलीही गाडी मी नुसत्या उंचवट्यावरून ओळखतो, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. हा टॅक्सीवाल्याचा, हा बेकरीवाल्याचा, हा त्या दातांच्या डॉक्टरचा, ज्याला नीट गाडी लावता येत नाही. बर्फ वितळेपर्यंत खरंखोटं करायला कुणाला वेळ नसायचा, त्यामुळे त्याचं सगळं बरोबरच निघायचं.

वादळ झालं की तो गाडी घेऊन पात्याच्या ट्रकांमागून हिंडायचा. नवीन पोरं कशी कामं करतात ते बघायला. सिग्नलला ट्रक थांबला की काच खाली करून ओरडायचा, "अरे, पातं चालवतोयस की पावाला लोणी लावतोयस?" घरी येऊन मला जिन्यात अडवून सगळा अहवाल द्यायचा. त्यात चर्चमधल्या यच्चयावत भांड्याकुंड्यांची नावं यायची, कारण आमच्याकडे शिव्या द्यायच्या तर त्याच. पूजेचा चषकसुद्धा सुटायचा नाही. त्या गाडीतून तो औषधं आणायचा, भाजी आणायचा, हे सगळं वरकड. ती गाडी खरी होती ती या तपासणीसाठी.

आता ओदेत. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेली बाई. तिचा नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. फर्नाँची बायको रोलांद हयात होती तेव्हा हे तिघं दर शनिवारी पत्ते खेळायचे, आणि फर्नाँ हरला की पत्ते मोजून बघायचा. मग रोलांदही गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी ओदेत आपल्या पायऱ्यांवरचा बर्फ काढत असताना एक फावडंभर बर्फ हद्दीपलीकडे, फर्नाँने नुकत्याच खरवडून लख्ख केलेल्या वाटेवर पडला. ती म्हणाली वाऱ्याने उडाला. तो म्हणाला वारा फावड्याने मारत नाहीत. शेजाऱ्यांची भांडणं बांधावरूनच व्हायची, मग तो बांध मातीचा असो की बर्फाचा.

इतर ठिकाणी माणसं भांडली की अरे-तुरेवर येतात. ही दोघं भांडली आणि अहो-जाहोवर गेली. त्याआधी 'फर्नाँ, तू' आणि 'ओदेत, तू' असायचं. त्या दिवसापासून 'मस्यू केनेल, आपण' आणि 'मादाम लारिव्हे, आपण'. इतका आदर मी चर्चमध्येही पाहिलेला नाही. सात-आठ हिवाळे हा आदर चालला. तो रस्त्याच्या त्या बाजूने यायला लागला की ती या बाजूला यायची, आणि तरी दोघांनाही एकमेकांचं सगळं माहीत असायचं. दोघंही मला विचारायची. "मादामची कंबर कशी आहे? मला काही घेणंदेणं नाही, सहज विचारतोय." "मस्यूला खोकला झालाय वाटतं? भिंतीतून त्रास होतो, म्हणून म्हटलं."

फर्नाँला एक मुलगी आहे, मिरेय. नदीपलीकडे राहते. हॉस्पिटलमध्ये नर्सांच्या पाळ्या लावते आणि घरी आली की आपल्यालाही लावते. गेल्या शरद ऋतूत फर्नाँने औषधाच्या दुकानासमोरच्या खांबाला गाडी लावली. लावली म्हणजे ठोकली. त्याचं म्हणणं, खांब आधी तिथे नव्हता. रविवारी मिरेय वाटाण्याच्या सूपचं पातेलं घेऊन आली, मला साक्षीदार म्हणून वरून बोलावून घेतलं, आणि सूप वाढता वाढता अटी सांगितल्या.

"पपा, हा हिवाळा तुला देते. पण एक जरी घोटाळा झाला ना, तर गाडी विकायची, घर विकायचं, आणि तू माझ्या घराजवळच्या त्या वृद्धांच्या निवासात यायचं. किती छान आहे ते! पोहायचा तलाव आहे, संध्याकाळी खेळ असतात, गाणी असतात..."

"मला पोहता येत नाही."

"शिकवतात. आणि ऐक तरी, बर्फ काढायला कंत्राटदार येतो! तुला फावड्याला बोटसुद्धा लावावं लागणार नाही!"

फर्नाँचा चमचा हवेत थांबला. त्याचा चेहरा असा झाला, जणू त्या निवासात घासही दुसरंच कुणी चावून भरवणार आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी सूपकडे पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "घोटाळा होणार नाही." मिरेय म्हणाली, "बघू." त्या दिवसापासून तो गाडी इतकी हळू चालवायला लागला की मागचे लोक भोंगे वाजवून वाजवून थकायचे. या गल्लीत राहायचं की नाही, हे आता त्या गाडीवर अवलंबून होतं, आणि हे त्याला पक्कं कळलेलं होतं.

जानेवारीतल्या त्या वादळाने रात्रभर गल्ली भरून काढली. सकाळी गाड्या नव्हत्याच, नुसते उंचवटे. पात्याचा ट्रक एकदा येऊन गेला होता आणि त्याने रीतसर बांध घातला होता. मी कॉफीचा पेला घेऊन बाहेरच्या गोल जिन्यावरचा बर्फ झाडत होते. खाली फर्नाँ नोकरीतला जुना नारिंगी कोट घालून, त्याच्या खिडकीसमोरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, फावडं घेऊन उभा होता. चेहऱ्यावर लग्नाच्या सकाळचा आनंद.

"बघून घे, नादीन!" तो खालून ओरडला. "बांध उचलायचा नसतो, कापायचा असतो! चौकोनी! केकसारखा!"

"मस्यू केनेल, दमून जाल. छत तरी आधी झाडा."

"तू चालवलायस का कधी..."

"नाही चालवला."

"मग केस काप."

त्याने बांध कापला. खरंच सुरेख कापला, हे मान्य करावं लागेल. मग एकेक चाक मोकळं केलं. शेजारच्या घराच्या खिडकीतला पडदा हलला, हे मला वरून दिसलं. ओदेत आपला पेला घेऊन खुर्ची ओढून बसली होती. फर्नाँ मागे गेला, धुराच्या नळीशी. तिथे तो जरासा थबकला. नळी डावीकडे असायला हवी होती, ती उजवीकडे निघाली. त्याने नळीकडे रागाने पाहिलं. चूक नळीची होती, हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं. तिला समज देऊन तो पुढे आला, ब्रश घेतला, आणि गाडीच्या नाकावरची गोधडी एका ओढीत दूर केली.

खाली लाल रंग निघाला. चांगला भडक, पिकलेल्या चेरीचा.

फर्नाँची गाडी भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाची आहे.

तो उभा राहिला. मग त्याने शेजारचा थोडा बर्फ झाडला. बहुधा तिथे तरी पुठ्ठा निघेल या आशेने. तिथेही लालच होतं. सगळ्या शहरात त्या रंगाच्या कितीही गाड्या असतील, पण आमच्या गल्लीत एकच आहे, आणि ती ओदेत लारिव्हेची.

झालं होतं ते असं. वादळाच्या दोन दिवस आधी आमच्या बाजूला नारिंगी पाट्या लागल्या होत्या. फर्नाँने आज्ञाधारकपणे गाडी दुसरीकडे नेऊन लावली. यंत्र आलं, रस्ता साफ करून गेलं. त्याने गाडी परत आणायची, तर तो विसरला. ओदेत बाजारातून आली, तिला मोकळी जागा दिसली, थेट मस्यू केनेलच्या खिडकीसमोर. अशी संधी कोण सोडतं? तिने गाडी लावली. वर वादळ झालं. आणि ज्याने उंचवट्यावरून गाडी ओळखायची तो शास्त्रज्ञ सकाळभर राबून आपल्या वैरिणीची गाडी उकरत बसला.

त्याने वर पाहिलं. मी कॉफीत काहीतरी पडल्यासारखं पेल्यात बघत राहिले. त्याने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. ओदेतच्या खिडकीकडे मात्र पाहिलं नाही, कारण सात-आठ वर्षं तिकडे बघायचं नाही असा नियम होता. आणि मग त्या माणसाने फावडं उचलून बर्फ परत टाकायला सुरुवात केली.

आधी नाकावर. हाताने थोपटून, कडा गोल करून, अगदी आकाशातून पडल्यासारखा. मग चाकांपुढे. मग बांध. नोकरीत असे बांध तो दिवसभर उभे करायचा, पण तेव्हा हाताखाली ट्रक होता. आता हाताखाली फक्त सत्तरी उलटलेले हात होते. तो धापा टाकत होता आणि चषक, ताट, वेदी, एकेक करून सगळ्यांचा उद्धार करत होता. मला हसू आवरेना. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसाला इतक्या काळजीने काम बिघडवताना पाहत होते.

ओदेतचं दार उघडलं. अंगावर कोट, पायात घरातल्या सपाता, हातात फावडं. दोन फावडी समोरासमोर आलेली पाहून मी जिना उतरले.

"चोर वस्तू घेऊन जातात, मस्यू केनेल," ती म्हणाली. "आणून ठेवणारा चोर पहिल्यांदाच पाहिला."

"मी आपल्या गाडीला हात लावलेला नाही, मादाम."

"खरंय. फावडं लावलंत."

"माझ्या खिडकीसमोर गाडी लावायची परवानगी आपल्याला कुणी दिली?"

"आपल्या गाडीने. ती इथे नव्हती." ओदेत रंगात आली होती. इतक्या वर्षांचा आदर फेडायची वेळ आली होती. "बरं, मला एक सांगा. आपण तर सगळ्या गाड्या उंचवट्यावरून ओळखता. मग आपली कुठे आहे?"

तिने टोमणा मारला होता. टोमण्याला टोमणा यायला हवा होता.  त्याऐवजी फर्नाँने गल्लीभर नजर फिरवली, पांढरे उंचवटे एकामागून एक पाहत गेला, शेवटपर्यंत गेला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. त्याला आठवत नव्हतं. लाल रंग पाहून तो लाजला होता, आता तो घाबरला होता. त्याच्या आईचं शेवटी काय झालं हे गल्लीतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. ती स्वतःच्याच घराच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपलं घर कुठे आहे ते विचारायची. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. ओदेतचंही गेलं.

"आहे," तो म्हणाला. "लावलीय तिथे आहे."

आणि नेमकी त्याच वेळी, दिवे लुकलुकवत, मिरेयची गाडी रस्त्याच्या मधोमध येऊन थांबली.

"पपा! फोन का उचलत नाहीस? मी कामावर जाता जाता..." ती उतरली आणि तिने पाहिलं. बाप, फावडं, अर्धवट पुरलेली लाल गाडी. "हे काय चाललंय? ही ओदेतमावशीची गाडी ना? तू तिच्यावर बर्फ टाकतोयस?"

फर्नाँने फावडं पाठीमागे घेतलं.

"तुझी गाडी कुठाय?"

नोकरीतल्या सगळ्या वर्षांचा अधिकार गोळा करून फर्नाँने हात उचलला आणि तिसऱ्या उंचवट्याकडे बोट केलं. "ती काय."

मिरेयने मान हलवली आणि तिकडे चालायला लागली. तिने हातमोजा पुढे केला. आता ती काच पुसणार, आत विद्यार्थ्यांचा पसारा भरलेली मोटार दिसणार, आणि पुढच्या रविवारी घर विकायची पाटी लागणार. काहीतरी थाप मारायला मी तोंड उघडलं.

"अगं, ती नव्हे ती, मिरेय!" ओदेत खणखणीत आवाजात म्हणाली. भूगोलाच्या तासाला मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज. "तिथे माझी लावायला हवी होती, असं म्हणतोय तो. सकाळपासून हेच ऐकतेय. त्याची गाडी मागच्या गल्लीत आहे." मग ती फर्नाँकडे वळली. "फर्नाँ, तूच म्हणालास ना परवा, इथली जागा तू घे, मी मागे लावतो?"

तू. माझ्या हातातली कॉफी सांडली. फर्नाँचं तोंड उघडं राहिलं.

मिरेय थांबली. "पपा म्हणाला? तुला?"

"माझी कंबर धरलीय ना. म्हटलं, फर्नाँ, मला जवळची जागा दे. म्हणाला, घे. वर म्हणाला, उकरूनही देतो."

"आमचा पपा?"

"हो गं."

"मग परत बर्फ का टाकतोय?"

एक क्षण मला वाटलं, आता संपलं. पण बाईने जन्मभर वर्गात पोरांच्या थापा ऐकल्या होत्या. चांगली थाप कशी असते हे तिला माहीत होतं.

"भांडलो," ती म्हणाली. "मी एवढंच म्हटलं, की शहाणी माणसं आधी छत झाडतात. झालं! मग काढ तुझ्या पद्धतीने, म्हणाला, आणि लागला परत पुरायला. तुझाच बाप आहे, तुला वेगळं काय सांगू?"

मिरेयच्या चेहऱ्यावरचा संशय धुऊन निघाला. बापाने शेजारणीला मदत केली, यावर तिचा विश्वास बसत नव्हता. रागाच्या भरात केलेली मदत परत घेतली, यावर लगेच बसला. फर्नाँने जन्मभर जमवलेला खडूसपणा अखेर कुठेतरी कामी आला.

तरी पाळ्या लावणारी बाई ती. "पपा, खरं आहे हे?"

फर्नाँने ओदेतकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत. नियम मोडून. त्याच्या जबड्याची हालचाल मला दिसत होती. हो म्हणावं तर या बाईचे उपकार झाले, आणि तेही पुन्हा अरे-तुरेत शिरून. नाही म्हणावं तर कंत्राटदार.

"तू," तो म्हणाला, आणि तिथेच अडला.  मग खाकरून पुन्हा सुरू केलं. "तू म्हणालीस छत आधी! छत! अक्कल आहे का तुला? चालवलायस का कधी पात्याचा ट्रक?"

"नाही चालवला," ओदेत म्हणाली. "बघितलंस, मिरेय?"

मिरेय हसायला लागली. इतक्यात मागून प्रचंड मोठा भोंगा वाजला. पात्याचा ट्रक दुसऱ्या फेरीला आला होता आणि रस्त्याच्या मधोमध तिची गाडी उभी होती. चालवणाऱ्या पोराने काच खाली करून डोकं बाहेर काढलं. "काय केनेलसाहेब, आज इथेच तपासणी का?"

"पातं सरळ धर, गाढवा!" फर्नाँ ओरडला. 

"जाते, जाते! रविवारी सूप घेऊन येते," म्हणत मिरेयने बापाच्या दोन्ही गालांची पापी घेतली, ओदेतचीही घेतली, माझीही घेतली, आणि ती गेली. तिच्यामागून ट्रक गेला. त्याने आमच्यासमोर लाल गाडीला कमरेएवढा ताजा बांध घातला. फर्नाँने सकाळपासून जे उकरलं होतं आणि जे पुरलं होतं, ते सगळं त्याखाली गेलं.

ट्रकचा आवाज वळणावर विरला. तिघंही आम्ही तशीच उभी होतो. मला वाटलं, आता कुणीतरी आभार मानेल. मी दोघांनाही इतकी वर्षं ओळखते, आणि तरी असं वाटलं.

ओदेतने हातमोजा काढला आणि उघडा तळवा पुढे केला.

"किल्ली."

"कसली किल्ली?"

"स्वर्गाची. अरे, गाडीची."

"तुझं डोकं फिरलंय का?"

"फर्नाँ, मी खोटं बोलले ते तू या गल्लीत राहावास म्हणून. तू गाडी चालवावीस म्हणून नाही. त्या निवासात गेलास तर महिनाभरात मरशील, आणि त्याआधी त्या कंत्राटदाराला मारशील. पण मागच्या आठवड्यात शाळेसमोर थांबायची पाटी होती आणि तू थांबला नाहीस. मी फुटपाथवर होते. पोरं रस्ता ओलांडत होती."

"मला दिसली होती पोरं."

"दिसली असती तर थांबला असतास. पोरांसाठी तू ट्रकसुद्धा थांबवायचास."

 त्याने माझ्याकडे पाहिलं.  खांबाच्या वेळी मी सूपकडे पाहिलं होतं, आता मी ओदेतच्या बाजूने मान हलवली.

"आणि ट्रकांमागे कोण जाणार?" तो म्हणाला. "ती पोरं नुसतं लोणी लावतात."

"मी नेईन. बडबड केलीस तर वाटेत उतरवेन."

"तुला चालवता येत नाही. भूगोल शिकवणारी बाई तू, तुला डावं-उजवं कळत नाही."

"किल्ली, फर्नाँ."

"मिरेयला काय सांगू?"

"सांग, गाडी उत्तम आहे. उभी गाडी उत्तमच असते."

त्याने कोटाच्या खिशात हात घातला. बराच वेळ तो हात आतच राहिला. मग किल्ली बाहेर आली. त्याने ती तिच्या तळव्यावर टेकवली, पण आपलं टोक सोडलं नाही. तिने मूठ मिटली, तिनेही ओढली नाही. एक किल्ली धरून ती दोघं बर्फात उभी होती.

"ओदेत," तो म्हणाला. आवाज इतका खाली आला होता की मला पुढे झुकावं लागलं. "मागच्या गल्लीत आहे, असं तू तिला म्हणालीस. ते खरं, की तेही तू बनवूनच सांगितलंस?"

  ओदेतने दुसऱ्या हाताने त्याच्या कोटाच्या बाहीवरचा बर्फ झटकला.

"ते खरं आहे," ती म्हणाली. "शाळेच्या भिंतीला लागून आहे. तू लावत होतास तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते."

फर्नाँने मान हलवली आणि किल्ली सोडली.